चौथ्या पानावरची मावशी

हायालिया, फ्लोरिडा
४ सप्टेंबर २०२२

मावशी,

बेल्किस पुन्हा लोकांचं सामान घेऊन मंगळवारी सिएनफुएगोसला निघते आहे. तिच्या बॅगेत तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या, अंगाचा साबण, फेलाच्या गुडघ्यांचं मलम आणि खरी कॉफी आहे, भाजलेले वाटाणे न मिसळलेली. हे पत्र मलमाच्या खोक्यात घातलंय. फोनवर का सांगितलं नाही म्हणून ओरडू नकोस. फोनवर तू अर्धा वेळ "हॅलो, हॅलो" करतेस आणि उरलेला अर्धा वेळ मी जेवले का ते विचारतेस.

शाळा सुरू झाली. यंदाही माझ्याकडे तीच फौज आहे: क्यूबा, व्हेनेझुएला, निकाराग्वाहून नुकतीच उतरलेली, पहिली ते तिसरीची तेवीस पोरं. इंग्रजीचं एक अक्षर येत नाही आणि गप्प एक मिनिट बसवत नाही. मला हे काम आवडतं हे तुला माहीत आहे. महिनाभराने एखादं पोर पहिलं वाक्य आपणहून बोलतं, तेव्हा अजूनही माझ्या पोटात गुदगुल्या होतात.

पण जुलैपासून इथे नवा कायदा लागू झालाय. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. म्हणाले, "नव्या पालकांना इंग्रजी येत नाही. या कायद्याचं सोप्या भाषेत एक पान करून दे. काल विमानातून उतरलेल्या माणसाला कळलं पाहिजे."

मी तीन दिवस त्या एका पानाशी झटापट केली. पहिलं वाक्य जमलं: 'बालवाडीपासून तिसरीपर्यंतच्या वर्गात लैंगिक कल आणि लिंगओळख हे विषय शिकवले जाणार नाहीत.' दुसरंही जमलं: 'शाळेने हे मोडलं असं वाटलं तर पालक कोर्टात जाऊ शकतात.' तिसरं वाक्य काही येईना. शिकवणं म्हणजे काय? गोष्टीतल्या राजपुत्राचं लग्न लावलं, तर ते शिकवणं का? पोराने काही विचारलं आणि मी उत्तर दिलं तर? मी जाऊन विचारलं. सर म्हणाले, "तारतम्य बाळग."

"कुणाचं तारतम्य, सर?"

"तुझं. चूकही तुझीच धरतील, म्हणून म्हणतो."

तिसरं वाक्य न लिहिताच पान छापलं. पालकसभेत मी ते वाचून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मागून एक बाई उभी राहिली, बेकरीच्या गणवेशातच आलेली, हातावर पीठ. नाव नोएमी. म्हणाली, "बाई, हे समजलं. पण आमच्या आयलिनला कुणी विचारलं, घरी कोण कोण असतं, तर तिने सांगितलेलं चालेल ना?"

सगळी डोकी मागे वळली. मी म्हणाले, "चालेल की." आणि सरांकडे पाहिलं. सर छताकडे पाहत होते.

आयलिन दुसरीत आहे. तिच्या आईचं नाव युदित, आणि नोएमी युदितबरोबर राहते. बाकी तू समजून घे.

हो, माझ्या टेबलावर समुद्रकिनाऱ्यावरचा फोटो होता ना, माझा आणि मारिबेलचा, जिच्याबरोबर मी हे घर भाड्याने घेतलंय ती? तो घरी आणला. उगाच धूळ बसत होती.

तुझी
इदानिया


सिएनफुएगोस, क्यूबा
१६ ऑक्टोबर २०२२

पोरी,

धूळ! हायालियात एवढी धूळ कधीपासून उडायला लागली? फोटो पुसतात, घरी नेत नाहीत. असो. मी म्हातारी, मला काय कळतंय.

कॉफी पोचली. पहिल्या दिवशी आम्ही दोघींनी फक्त वास घेतला. मलम फेलाने गुडघ्याऐवजी कोपरांना लावलं, पण गुडघे थांबलेत म्हणते, तेव्हा माझी तक्रार नाही. ती हल्ली जरा विसरते. तिचा भाऊ अजून का आला नाही म्हणून परवा दारात जाऊन उभी राहिली. भाऊ जाऊन अकरा वर्षं झाली. मी सांगितलं, बस चुकली असेल. पटलं तिला. आपल्याकडे बस चुकते यावर कुणाचाही विश्वास बसतो.

आमच्याकडेही कायदा झाला, तुमच्या उलटा. गेल्या महिन्यात सगळ्यांनी मतं दिली, सव्वीस तारखेला निकाल लागला: आता बाईला बाईशी, पुरुषाला पुरुषाशी लग्न करता येणार. दुसऱ्या दिवशी वादळ आलं आणि अख्ख्या बेटाची वीज गेली. समोरची काचिता सज्जातून ओरडते, "सेनाइदा, देवाला तुमचा कायदा आवडलेला दिसत नाही!" वीज आल्यावर पुन्हा ओरडली, "चला, आता तुम्हा दोघींचंही उरकून टाकू!" सगळी गल्ली खदाखदा हसली. मीही हसले. म्हटलं, "चुलतबहिणींची लग्नं लावायला निघालीस, तुझं डोकं तपासून घे." फेला आत तांदूळ निवडत होती. तिने ऐकलं की नाही, मी विचारलं नाही.

आता तुझं. मीसुद्धा चार वर्षं वर्गात उभी राहिले आहे. मग माझा घसा गेला आणि मला पुस्तकांच्या गोदामात बसवलं, हे तुला ठाऊक आहे. त्या चार वर्षांच्या जोरावर सांगते: कायदा काय म्हणतो ते वाचत बसू नकोस, कायदा दाखवणाऱ्याचं तोंड वाच. आणि कुणी नातं विचारलंच, तर सगळ्यात साधं नातं सांगावं. साध्या नात्यावर दुसरा प्रश्न येत नाही. मी आयुष्यभर हेच केलं आणि माझं काही अडलं नाही.

जेवत जा. बेल्किसबरोबर सुया पाठव, नाकं मोठी असलेल्या. मला आता दोरा ओवता येत नाही.

तुझी मावशी
सेनाइदा

ता. क. तुझ्या पत्रात कायदा एक पान आणि मारिबेल दोन ओळी. मी शिक्षिका होते. विद्यार्थी कुठे घाईने लिहितो ते मला दिसतं.


हायालिया
२२ जानेवारी २०२३

मावशी,

सुया पाठवल्या आहेत. आता मी जे लिहिणार आहे ते फेलाला वाचून दाखवू नकोस. आधी तू एकटीने वाच.

डिसेंबरात मी मुलांकडून 'माझं घर' नावाची वही करून घेतली. दर वर्षी करते. आठ पानं, एका पानावर एक चित्र, त्याखाली इंग्रजीत एक वाक्य. नाताळच्या सुट्टीआधी या वह्या बाहेरच्या भिंतीवर दोरीला टांगतात. सगळी शाळा येता-जाता बघते, आणि पालकही.

आयलिनने पहिल्या पानावर घर काढलं, दुसऱ्यावर कुत्रा. तिसऱ्या पानावर युदित, आणि खाली सुरेख अक्षरात: ही माझी आई. चौथ्या पानावर नोएमी. डोक्यावर बेकरीची टोपी, हातात तिच्याएवढा लांब पाव. आणि खाली पुन्हा तेच वाक्य: ही माझी आई.

मी ती वही हातात घेऊन उभी होते, मावशी, आणि मला तो दोर दिसत होता, त्याखालून जाणारे लोक दिसत होते, त्यातला एखादा मोबाइल काढून फोटो घेताना दिसत होता. शेजारच्या शाळेतल्या एका बाईंना नुसत्या तक्रारीवर तीन आठवडे घरी बसवलं होतं. माझ्याबद्दल कुणी चौकशी केली, तर ती त्या चित्रावर थांबणार नव्हती. ती माझ्या घरापर्यंत आली असती.

मी खोडरबर घेतलं. म्हटलं, "आयलिन, इथे आपण 'आन्ट' लिहूया."

"म्हणजे काय?"

"मावशी."

"पण नोए-आई मावशी नाहीये."

आणि मी म्हणाले, "इंग्रजीत असंच म्हणतात."

तिला इंग्रजी येत नाही. इंग्रजीत काय म्हणतात हे तिला फक्त माझ्याकडून कळतं. तिने मान डोलावली, जीभ बाहेर काढून एकेक अक्षर गिरवलं, आणि मला विचारलं, "बरोबर?" मी त्या पानावर बरोबरची खूण केली. लाल शाईने.

पालक आले त्या दिवशी नोएमीने वही दोरीवरून उतरवली आणि एकेक पान सावकाश पाहिलं. चौथ्या पानाशी थांबली. माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, माझं इंग्रजी कच्चं आहे. आन्ट म्हणजे मावशीच ना?"

मी म्हटलं, "हो."

"बरं," ती म्हणाली. "अक्षर छान काढलंय पोरीने." आणि वही पुन्हा दोरीला अडकवली. चिमटा नीट बसला की नाही तेही पाहिलं. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मला झोप लागली असती.

घरी आल्यावर मारिबेलला सांगितलं. मारिबेल नुसती घरभाड्यातली भागीदार नाही, मावशी, तुला ते पहिल्याच फोटोत कळलं असणार. सात वर्षं झाली. ती भांडी विसळत होती. मागे न वळता म्हणाली, "आणि मी कोण? मला इंग्रजीत काय म्हणतात?" तेव्हापासून ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते.

तू म्हणाली होतीस, सगळ्यात साधं नातं सांगावं. मी सांगितलं. दुसरा प्रश्न खरंच आला नाही.

इदानिया


सिएनफुएगोस
५ मार्च २०२३

इदानिया,

तुझं पत्र मी एकटीने वाचलं, मग फेलाला वाचून दाखवलं. तुझं ऐकलं नाही. तिला अर्धं समजलं. ती म्हणाली, "आपली पोर छान शिकली." मला त्यानंतर जेवण गेलं नाही.

माझा घसा कधी गेला नव्हता. मी अजूनही काचिताला गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारते, तुला कधी शंका कशी आली नाही? एकाहत्तर साली हवानात शिक्षणाची मोठी परिषद भरली आणि तिथे ठरलं की 'तसल्या' माणसांनी मुलांसमोर उभं राहायचं नाही. पुढच्या वर्षी आमच्या शाळेत तीन जण आले. त्यांच्याकडे एक फाइल होती. कुणीतरी माझ्याबद्दल लिहून दिलं होतं. मी चोवीस वर्षांची होते. तिसरीचा वर्ग मला होता, भागाकार चालू होता. मला तो पुराही करू दिला नाही.

फेला तेव्हा शिवणकारखान्यात होती. तिलाही बोलावलं. नाव विचारलं, आणि मग विचारलं, सेनाइदा तुझी कोण? ती क्षणभरही थांबली नाही. म्हणाली, "चुलतबहीण." त्या एका शब्दावर आम्ही वाचलो. मला गोदाम मिळालं, शेतावरची सक्तमजुरीची छावणी नाही.

त्यानंतर आम्ही तालीम करायला लागलो. स्वयंपाकघरात मी साहेब व्हायचे, ती साक्षीदार. नाव? राफाएला. ही कोण? चुलतबहीण. कुठली? वडिलांकडची. हसू आलं की पुन्हा पहिल्यापासून. वर्षानुवर्षं केलं हे. आणि तुझी आई आजारी होती तेव्हा तू सात वर्षांची आमच्याकडे राहायला आलीस, तर तुलाही त्या टेबलाशी बसवलं. शाळेत विचारलं तर काय सांगायचं? तू हात जोडून, ताठ बसून म्हणायचीस: "फेला माझ्या मावशीची चुलतबहीण." आम्ही टाळ्या वाजवायचो. पेरूच्या वडीचा तुकडा मिळायचा तुला. तुला आठवत नसेल. तुझ्या हाताला आठवलं, खोडरबर घेताना.

तेव्हा दोष तुझा एकटीचा नाही. मीच शिकवलं, आणि ऑक्टोबरात पुन्हा तेच शिकवलं. 'माझं काही अडलं नाही' असं लिहिलं मी! माझं सगळं अडलं, पोरी. इस्पितळात तिचं ऑपरेशन होतं तेव्हा मी चुलतबहीण म्हणून बाहेरच्या बाकावर बसले. तिच्या आईच्या मयताला शेवटच्या रांगेत उभी राहिले. फक्त मी त्याला अडणं म्हटलं नाही.

आता ऐक. मी नोटरीकडे जाऊन आले. सतरा मेला आम्हाला बोलावलंय. मी चौऱ्याहत्तर, ती शहात्तर. काचिता साक्षीदार होणार आहे. मी तिला सांगितलं तेव्हा ती प्रथमच गप्प झाली आणि मग रडली, मेली. फेला निळा ब्लाउज घालणार म्हणते.

तू एक काम कर. त्या मुलीचं चौथं पान नीट कर. कुणाला न सांगता कर, पण कर.

मावशी


हायालिया
२० ऑगस्ट २०२३

मावशी,

मे होऊन गेला, जून गेला, जुलै गेला. फोनवर विचारलं की तू "वीज जाईल, ठेवते" म्हणतेस. निळ्या ब्लाउजमधल्या फेलाचा फोटो मी अजून पाहिला नाही. बेल्किसबरोबर पाठव, नाहीतर मी समजेन की तुम्ही दोघी मला न सांगता मधुचंद्राला गेलात.

मी चौथं पान नीट केलं नाही. केलं असं लिहिणार होते. तुझं पत्र आलं तेव्हा एप्रिल उजाडत होता आणि त्याच महिन्यात तो नियम तिसरीवरून बारावीपर्यंत नेला. सरांनी आम्हाला वर्गातली पुस्तकांची कपाटं कागदाने झाकायला लावली, तपासणी होईपर्यंत. मुलं विचारायची, "बाई, पुस्तकांना थंडी वाजते का?" मी ठरवायचे, आज आयलिनला थांबवून घेऊ. मग दारातून कुणीतरी डोकवायचं. मग सुट्टी लागली आणि वही तिच्या घरी गेली, लाल खुणेसकट.

आता नवीन ऐक. मुलाला दाखल्यावरच्या नावाखेरीज दुसऱ्या कुठल्याही नावाने हाक मारायची तर पालकांनी सही केलेला फॉर्म लागतो. होसेला पेपे म्हणायचं तर फॉर्म. फ्रान्सिस्कोला पांचो म्हणायचं तर फॉर्म. क्यूबन पोरांचा वर्ग आणि घरचं नाव नसलेलं पोर! मी पहिल्या आठवड्यात एकोणीस फॉर्म भरून घेतले. एका आजोबांनी विचारलं, "बाई, या देशात माणसाला पेपे म्हणायला सरकारची परवानगी लागते? मग आम्ही तिकडून निघालो कशाला?" मी हसले आणि सही कुठे करायची ते दाखवलं. हल्ली मी फार छान दाखवते, सही कुठे करायची ते.

आयलिन तिसरीत गेली. अजून माझ्याच गटात आहे. इंग्रजी फडाफडा बोलते.

मारिबेल मे महिन्यात टॅम्पाला तिच्या बहिणीकडे गेली. सामान नेलं. भांडण झालं नाही. तिने माझ्या शाळेच्या दाराशी मला सोडलं, मी उतरताना सवयीने इकडेतिकडे पाहिलं, आणि ती म्हणाली, "सात वर्षं झाली, इदानिया. तू अजून आधी रस्ता बघतेस." संध्याकाळी आले तर कपाट अर्धं रिकामं.

किनाऱ्यावरचा फोटो तिने नेला. मला तो आता टेबलावर ठेवायचा आहे, आणि तो नाही.

लवकर लिही.

इदानिया


सिएनफुएगोस
१२ ऑक्टोबर २०२३

पोरी,

मारिबेलचं वाचून वाईट वाटलं. तिला मी कधी प्रत्यक्ष पाहिलं नाही, पण तू तिच्याबद्दल घाईने लिहायचीस त्यावरून ती चांगली असणार.

तू तीनदा विचारलंस, म्हणून सांगते. फोनवर सांगता आलं नसतं.

सतरा मेला सकाळी मी फेलाला आंघोळ घातली, निळा ब्लाउज घातला, केस विंचरले. ती खुशीत होती. वाटेत सगळ्यांना सांगत होती, "आज आमचं लग्न." पाववाल्याला सांगितलं. भर रस्त्यात, मोठ्याने! मला एकावन्न वर्षांची सवय, मी तिचा हात दाबला. मग सोडला. म्हटलं, सांगू दे.

नोटरी तरुण मुलगी होती, गोड. "या आजी, बसा," म्हणाली. टेबल, त्यावर कागद, हातात पेन. आधी माझं झालं. मग ती फेलाकडे वळली. "नाव?"

फेला ताठ बसली. हात जोडले. मला तिथेच कळायला हवं होतं.

"राफाएला."

"आणि या तुमच्या कोण?"

"चुलतबहीण."

काचिता मागून म्हणाली, "अगं फेला, काय बोलतेस!" नोटरीने पेन खाली ठेवलं. प्रेमाने विचारलं, "आजी, तुम्ही आज इथे कशासाठी आलात?" फेला म्हणाली, "वडिलांकडची. आमचे वडील सख्खे भाऊ." तिला कुणी विचारलंही नव्हतं. सगळं क्रमाने म्हणाली, एक शब्द चुकली नाही. नोटरीने तीनदा निरनिराळ्या तऱ्हेने विचारून पाहिलं. तीनदा तेच.

आणि टेबलाखाली तिने माझा हात घट्ट धरला होता. माझ्याकडे पाहून हळूच डोळा मिचकावला. तिला वाटलं ते तिघे पुन्हा आलेत आणि तिने मला पुन्हा वाचवलं.

नोटरी म्हणाली, "मला माफ करा. त्यांनी स्वतः म्हणायला हवं. दुसऱ्या एखाद्या दिवशी आणा, तब्येत बरी असेल तेव्हा." मी परत नेणार नाही. तिच्या तब्येतीला काही झालं नव्हतं. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "बरोबर म्हटलं ना मी?" मी म्हटलं, "बरोबर." घरी येऊन पेरूची वडी दिली.

बाकी सगळं ती विसरते. दारावरची खिट्टी विसरते, माझं नाव विसरते. हे मात्र पक्कं बसलंय, कारण मी शिक्षिका चांगली होते.

ती तुझी पोर आठ वर्षांची आहे. अजून वेळ आहे. नंतर नसतो.

मावशी


हायालिया
७ एप्रिल २०२४

मावशी,

तुझं पत्र मी इतके महिने उत्तराशिवाय ठेवलं. रोज वाटायचं, पान नीट केलं की मग लिहीन.

मार्चमध्ये या कायद्याविरुद्धच्या खटल्यात तडजोड झाली. सरांनी सगळ्यांना बोलावून कागद वाचून दाखवला. कायद्याची मनाई शिकवण्यावर आहे, नुसत्या उल्लेखावर नाही. मुलांनी आपल्या घरच्यांबद्दल बोलावं, लिहावं, चित्रं काढावी. शिक्षकांनी टेबलावर जोडीदाराचा फोटो ठेवावा. मी विचारलं, "म्हणजे आता चालेल?" सर म्हणाले, "यात म्हटलंय की आधीही चालत होतं." आणि मला म्हणाले, "पालकांसाठी याचं सोप्या भाषेत एक पान करून देशील?"

दीड वर्ष मी ज्याला भिंत समजले तिथे बऱ्याच ठिकाणी भिंतच नव्हती. पण मी तिथे कधी हात लावून पाहिला नाही, आणि कुणी पाहू दिलाही नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी आयलिनला थांबवून घेतलं. म्हटलं, "तुझी 'माझं घर' वही आहे का घरी?"

"आहे, बाई."

"त्यातल्या चौथ्या पानावर मी तुला चुकीचं लिहायला लावलं. इंग्रजीत तसं म्हणत नाहीत. नोए-आईला इंग्रजीतही आईच म्हणतात. चूक माझी होती."

ती म्हणाली, "मला माहीत होतं, बाई. त्याच वर्षी कळलं. टीव्हीवरून."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही घाबरला होतात."

मी म्हटलं, "आता नाही घाबरत. आता तू कुणालाही सांगू शकतेस. नोएमी तुझी कोण?"

मावशी, ती ताठ उभी राहिली. दोन्ही हात मागे. आधी तिने दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं, बाहेर मुलं पळत होती. आणि मग अगदी हळू आवाजात, मला समजावल्यासारखं, तिने विचारलं, "बाई, दार लावून घेऊ का?"

मी नको म्हटलं. ती म्हणाली, "मग इथे मावशी. घरी आई. काळजी करू नका, मी कुणाला सांगणार नाही." आणि खेळायला पळाली.

मी संध्याकाळी नोएमीच्या बेकरीत गेले. तिला सगळं सांगितलं, सगळं, मारिबेलचंही. ती पिठाचे हात पुसत ऐकत होती. रागावली नाही. म्हणाली, "मला त्या दिवशीच कळलं होतं, बाई. 'हो' म्हणताना तुम्ही दाराकडे बघत होतात. म्हणून तर मी चिमटा नीट लावला." आणि मला एक पाव दिला, गरम. मी पैसे देऊ लागले तर घेतले नाहीत.

आता एक मागणं आहे. माझं टेबल रिकामं आहे. तुझा आणि फेलाचा फोटो पाठव, निळ्या ब्लाउजमधला. काचिताने त्या सकाळी दारात काढला असणार, ती सोडणारी नाही. मी तो टेबलावर ठेवणार आहे.

फोटोच्या मागे तुम्ही दोघी एकमेकींच्या कोण, ते तुझ्या अक्षरात लिहून पाठव. कुणी विचारलं तर मी फोटो उलटा करून दाखवीन. माझ्या तोंडून आयत्या वेळी काय निघेल, याची मला खात्री नाही.

तुझी
इदानिया